दिसू नये म्हणून नारळ

वर्ध्यात राहणाऱ्या माणसाला पुण्या-मुंबईचे नातेवाईक थंडी सरता सरता एक प्रश्न विचारतातच : वाघ नक्की कुठे दिसेल? या वर्षी तो माझ्या धाकट्या बहिणीनं विचारला. मे महिन्यातले चार दिवस, ती, तिचे यजमान, मुलगी, जावई आणि दोन नातवंडं. जावयानं यादीही करून पाठवली होती. ताडोबा, पेंच, कान्हा, बांधवगड, सुंदरबन, आणि सगळ्यांत खाली आमचं बोर. "ताई, तू तिकडचीच. यातलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं तेवढं सांग. बुकिंग आम्ही करतो."

नुसती माहिती हवी असती तर ती मी फोनवरच दिली असती. ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद असतो. उन्हाळ्यात मोहर्ली गेटच्या जागा फार आधी भरतात, तेव्हा कोलाऱ्याकडूनही पाहावं. पेंचचं जंगल दोन राज्यांत पसरलंय, महाराष्ट्राच्या बाजूनं सिल्लारी आणि खुर्सापार, मध्य प्रदेशातून तुरिया. कान्ह्याला जायचं तर वाघाइतकंच बारशिंग्यासाठी जावं. १९७० मध्ये तो मोजून ६६ उरला होता, आणि आज त्याचे कळप तिथल्या गवताळ मैदानांत चरताना दिसतात ही आपल्या देशानं केलेली एक मोठी भली गोष्ट आहे. मेळघाटात वाघ आहेत, पण डोंगर आणि झाडी अशी की दिसण्याची खात्री कुणी देत नाही. तेव्हा "नक्की दिसेल" असंच म्हणायचं असेल तर मे महिना, ताडोबा आणि पाणवठा. उत्तर तयार होतं.

ते मी दिलं नाही, कारण फोन चालू असताना माझी मोठी जाऊ शेजारी चिंच फोडत बसली होती. ती सिंदेवाहीकडची. तिच्या माहेरच्या गावाला शिवेवर शेंदूर फासलेला एक दगड आहे. गाव त्याला वाघदेव म्हणतं. मोहफुलं वेचायला सुरुवात व्हायच्या आधी आणि पुढे तेंदूपत्त्याच्या आधी बायका तिथे जातात. फोन ठेवल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "आमी तं वाघ दिसू नाई म्हनून नारळ फोडतो बाई. अन् हे लोक दिसावा म्हनून एवढ्या दुरून येते?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

मला दुसऱ्या दिवशीही त्यांना उत्तर देता आलं नाही. एकाच जिवापुढे दोन प्रार्थना. एक म्हणते, ये. दुसरी म्हणते, येऊ नकोस, आणि हात मात्र दोघींचे जोडलेले. देवळात आयुष्यभर आपण दर्शन मागतो, म्हणून मागणाऱ्याला भक्त म्हणायची आपल्याला सवय झालेली आहे. पण दर्शन टळो असं म्हणून जी बाई दगडाला शेंदूर लावते, तिचा त्या देवावरचा विश्वास माझ्या बहिणीच्या कुटुंबापेक्षा शंभर पटीनं पक्का आहे. तो तिथे आहे हे तिला दिसल्याशिवाय माहीत आहे. त्याची सत्ता तिला मान्य आहे. मे महिन्यात पहाटे अंधारात जंगलात शिरून, वाकून, पानं खुडताना तिची पाठ उघडी असते, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही असं जाणकार सांगतात. मे २०२५ मध्ये याच सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एका दिवसात वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याच आठवड्यांत, तिथून काही कोसांवर, गेटपुढे जिप्सींच्या रांगा लागलेल्या असतात. हंगाम एकच. उन्हाळ्यात झाडी झडते, पाणी चार-दोन ठिकाणी उरतं, वाघ तिथे येऊन बसतो, आणि म्हणून तो दिसतो. ज्याला आपण उत्तम हंगाम म्हणतो तो जनावरांच्या तहानेचा आणि बायकांच्या धास्तीचा महिना असतो.

मग प्रश्न असा उभा राहतो : पाहण्याची इच्छा हीच चुकीची का? मी तसं मानत नाही, आणि मानत नाही ते गीतेच्या आधारावर.

मी शाळेत संस्कृत शिकवलं. आमच्या गावात गोपुरीला गीताई मंदिर आहे. त्याला छत नाही, मूर्ती नाही. विनोबांची गीताई शिळांवर कोरून त्या शिळा उघड्या आभाळाखाली उभ्या केल्या आहेत. मुलांना तिथे नेलं की ती अकराव्या अध्यायापाशी थांबत. बाकी अध्यायांत विचार आहेत, या अध्यायात काहीतरी घडतं. अर्जुन म्हणतो, तू सांगितलंस ते मला पटलं, माझा मोह गेला; आता मला ते रूप बघायचं आहे. म्हणजे शंका उरलेली नाही, तरी डोळे मागतातच. कृष्ण त्याला दटावत नाही. विश्वास असेल तर बघायचं कशाला, असं म्हणत नाही. तो दृष्टी देतो. पाहण्याची भूक गीतेला पाप वाटत नाही हे मला फार मोलाचं वाटतं.

पण पुढे काय दिसतं ते आपण प्रवचनांत भरभर ओलांडतो. आधी तेज दिसतं, देव दिसतात, ऋषी दिसतात. आणि मग तोंडं. अक्राळविक्राळ दाढा, आणि त्यांत धावत शिरणारे दोन्ही सैन्यांतले वीर. काहींची डोकी दातांच्या फटींत अडकून चुरडलेली. विश्वरूपाच्या गाभ्याशी जबडा आहे. जीव जिवाला खातो, आणि त्या खाण्यातूनच हे सगळं चालतं, हे अर्जुनाला दाखवलं गेलं. त्याला कंप सुटतो. तो विचारतो, तू आहेस तरी कोण? आणि त्यानंतर तो जे करतो ते मला मुलांना शिकवताना नेहमी सर्वांत खरं वाटत आलं. तो माफी मागतो. तुला सखा समजून मी अरे कृष्णा, अरे यादवा अशा हाका मारल्या, खाता-पिता, उठता-बसता थट्टा केली, तुझा मोठेपणा मला कळला नव्हता, क्षमा कर. मग विनवतो, ते आधीचं सौम्य रूप पुन्हा दाखव.

इच्छा, भय, क्षमायाचना, आणि मग परतणं. अकराव्या अध्यायाचे हे चार टप्पे आहेत. आजची सफारी त्यांतला पहिला ठेवते आणि पुढचे तीन गाळते. उघड्या जिप्सीत सहाजण बसलेले असतात आणि वाघ वीस हातांवरून जातो तेव्हा छाती धडधडते हे खरं. पण ते भय तिकिटातच मावतं. आपल्याला काही होणार नाही हे आधीच ठरलेलं असतं, आणि वाघही लहानपणापासून गाड्या पाहून त्यांना सरावलेला असतो. आपण त्यांना नावंही दिली आहेत. ताडोबाच्या माया वाघिणीला देशभरचे लोक घरच्या मुलीसारखे ओळखत. आमच्या बोरमधल्या एका वाघिणीला सिनेमातल्या नटीचं नाव मिळालं, कॅटरिना. लोकांनी प्रेमानंच दिली ही नावं, मला त्यांचा राग नाही. पण मेळघाटातला कोरकू माणूस वाघाला कुलामामा म्हणतो. मामा म्हटलं की नातं आलं, आणि नात्याबरोबर मर्यादा आली. मामापुढे पाय पसरून बसता येत नाही. अर्जुनानं ज्या सलगीची माफी मागितली ती सलगी आणि हे नातं यांत मला फार अंतर दिसतं.

विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली कैद्यांपुढे गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. अकराव्या अध्यायावर बोलताना त्यांनी आपलं मन उघड केलं आहे : असलं विराट दर्शन आपल्याला पेलणारही नाही, पचणारही नाही, लहानशा मूर्तीतही पूर्ण दर्शन होतं. जंगलात वाघ दिसला नाही की पुष्कळजण हा विचार स्वतःच्या समाधानासाठी वापरतात. वाघ नाही तर नाही, मोर तर पाहिला. मला विनोबा असं म्हणत होते असं वाटत नाही. मोर वाघाच्या बदली उभा करायचा नसतो. तो मोर म्हणून पूर्ण आहे, आणि त्याला पाहताना वाघाची खंत मनात असेल तर मोरही पाहिला गेला नाही. आपल्यात जेवढं मावतं तेवढं मागावं, एवढंच त्या प्रवचनातून मी घेते. मागणं मोठं आणि मागणाऱ्याची तयारी काहीच नाही, ही गोष्ट अर्जुनालाही जड गेली.

इथपर्यंत विचार आला आणि मला वाटलं, यादी आता लागेल. ती लागली नाही, कारण भयाचा हिशेब एका बाजूनंच झाला होता.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची मोजदाद आहे आणि तिची सुरुवात अभयापासून होते. सेवाग्रामच्या एकादश व्रतांतही भयवर्जन आहे. पण अभय म्हणजे फक्त आपण न भिणं असं धरलं तर सर्वांत निर्भय माणूस बंदूकवाला ठरेल. बारावा अध्याय हे नीट सांगतो. तिथला भक्त असा आहे की त्याच्यामुळे जग त्रासत नाही आणि जगामुळे तो त्रासत नाही. दोन्ही बाजू एकाच श्लोकात बांधलेल्या आहेत. दुसऱ्याला न भिववता आपलं न भिणं.

सेवाग्रामला बापूकुटी पाहायला येणारे लोक चरखा पाहतात, टेलिफोन पाहतात, पुढे जातात. तिथे साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे, त्यापाशी फारसं कुणी थांबत नाही. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले तेव्हा तो भाग सापा-विंचवांनी भरलेला होता. आश्रमात साप मारायचे नाहीत असं ठरलं. म्हणून चिमट्यानं धरायचा, पिंजऱ्यात घालायचा, लांब नेऊन सोडायचा. त्या चिमट्याला लांबी आहे. सापावर प्रेम आहे म्हणून त्याला हातात घेतलेला नाही, आणि भीती वाटते म्हणून ठेचलेलाही नाही. दोघांच्या मध्ये ते लाकूड आहे. माणूस आणि हिंस्र जीव यांच्यामध्ये धर्म कुठे राहतो असं मला कुणी विचारलं तर मी त्या चिमट्याकडे बोट दाखवीन.

आणि याच्या उलट काय असतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. २०२४ च्या शेवटच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी वाट अडवली. पुढे गाड्या, मागे गाड्या, मध्ये ती आणि पाच पिल्लं. ते चित्रण गावोगाव पोचलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतली माणसं वाईट नव्हती. वर्षअखेरीला मुलाबाळांना घेऊन आलेली तुमच्या-माझ्यासारखी माणसं होती. त्यांना भय नव्हतं, आणि तेवढ्या वेळापुरतं सगळं भय त्या आईकडे गेलं होतं. एकाचं अभय दुसऱ्याच्या भयावर उभं असेल तर त्याला दैवी गुण म्हणता येणार नाही.

हाच श्लोक हातात घेऊन मी अवनीकडे जाते तेव्हा माझी वाट अडते, हे लिहायलाच हवं. अवनी म्हणजे टी-१ वाघीण. आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातली. तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात तिला गोळी घातली गेली. शहरांत लोक रडले, मोर्चे निघाले. त्या गावांत लोकांनी फटाके वाजवले, मिठाई वाटली. मला तेव्हा दोन्हीकडचे फोन आले. पुण्याची बहीण म्हणाली, दोन बछड्यांची आई होती गं ती. जाऊबाई म्हणाल्या, जे गेले त्यांनाही लेकरं होती. मी दोघींनाही हो म्हटलं, आणि दोन्ही वेळा ते मनापासून होतं. अहिंसा मानणाऱ्या माणसाला इथे तयार उत्तर मिळत नाही. पण एक गोष्ट मला तेव्हापासून ठामपणे वाटते. जो आयुष्यात एकदा तिच्या जंगलाच्या काठावर रात्रभर राहिला नाही, त्यानं त्या गावच्या फटाक्यांवर बोलू नये. आणि ज्यानं तिला एकदाही चालताना पाहिलं नाही, त्याला ती गेल्यानं काय गेलं ते पूर्ण कळणार नाही. म्हणजे पाहणं हवं आणि भिणंही हवं. दोन्ही एकाच माणसात आल्याशिवाय या प्रश्नावर न्यायानं विचार करता येत नाही.

बहिणीशी मी हे सगळं बोलले. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग जे म्हटलं ते मला सहज बाजूला सारता आलं नाही. "ताई, तू म्हणतेस ते मोठ्यांसाठी ठीक आहे. पण माझी नातवंडं दहाव्या मजल्यावर राहतात. त्यांनी वाघ पाहिलाच नाही तर ती उद्या त्याच्यासाठी उभी कशाला राहतील? न दिसणाऱ्यावर प्रेम करायला सांगतेस तू त्यांना." हा सगुण भक्तीचा प्रश्न आहे, आणि बाराव्या अध्यायात अर्जुनानं तोच विचारला आहे. अव्यक्ताची वाट देहधाऱ्याला कष्टाची जाते, हे उत्तर कृष्णाचं आहे. बहिणीची बाजू मला नाकारायची नाही. पैशाचा मुद्दाही खरा. ताडोबाच्या बफरमधल्या गावांत आज गाईड, जिप्सीचालक, खानावळवाल्या बायका यांचं घर पर्यटकांवर चालतं. मुली गाईड झाल्यात, गाड्या चालवतात. वाघ जिवंत असण्यात गावाचा काही फायदा नसेल तर नुसत्या शेंदरानं तो वाचणार नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं कोअरमधलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. मग नवे नियम आले, कोअरचा वीस टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनाला देऊ नये असं ठरलं, आणि गेट उघडले. पर्यटन बंद करा असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आज म्हणत नाही.

मुलांना दाखवायचं हे ठरलं. काय दाखवायचं, हे मात्र मला बुद्धपौर्णिमेच्या एका रात्रीनं शिकवलंय.

आपलं वनखातं वैशाखी पौर्णिमेला लोकांना पाणवठ्याजवळच्या मचाणावर रात्रभर बसू देतं. पूर्वी यातून प्राण्यांची गणती होई. आता गणतीला कॅमेरे आहेत, तेव्हा या रात्रीला निसर्गानुभव म्हणतात. निवृत्त झाल्यानंतर मी एकदा बसले. सोबत एक वनरक्षक मुलगी होती. बोलायचं नाही, विजेरी लावायची नाही, वास येईल असं काही खायचं नाही. चांदणं इतकं लख्ख की पाण्याच्या काठचे दगड मोजता यावेत. नऊच्या सुमारास रानडुकरं आली, चिखलात लोळली आणि गेली. मग एक सायाळ. मध्यरात्रीनंतर एक सांबर एकटंच आलं, पाण्याला तोंड न लावता मान वर करून उभं राहिलं. आणि एकाएकी ओरडलं. तो आवाज छातीत बसतो. ते पायानं जमीन आपटत होतं आणि आमच्या मचाणाच्या मागच्या बाजूला पाहत होतं. वनरक्षक मुलीनं माझ्या मनगटावर हात ठेवला. तिचा हात थंड पडला होता. मागे पाला वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मला मागे वळता येईना. वळले असते तर कदाचित दिसला असता. मी मनात एकच म्हणत होते, जा बाबा, तू जा. रामरक्षा सुचली नाही, गीताई सुचली नाही. पहाटे खाली उतरलो तेव्हा शिडीपासून थोड्या अंतरावर मऊ मातीत माग उमटलेले होते. मुलीनं वाकून त्यावर काडीनं गोल केला आणि नमस्कार केला. मीही केला. त्या रात्री वाघाला मी पाहिलं नाही, पण तो आहे हे मला त्यापूर्वी इतकं कधीच कळलं नव्हतं. सफारीत मी वाघ पाहिलेले आहेत. त्यांतला एकही मला असा आठवत नाही.

जाऊबाईंची प्रार्थना मी त्या मचाणावर केली होती. म्हणून आज मला असं वाटतं की दिसो आणि न दिसो या दोन प्रार्थना एकमेकींच्या शत्रू नाहीत. दुसरी ज्यानं एकदा तरी मनापासून केली, त्याला पहिली करण्याचा हक्क येतो. ताडोबाचं नावच पाहा. गोंडांच्या आठवणीप्रमाणे तारू हा गावचा प्रमुख होता, वाघाशी झुंजताना तो मेला आणि देव झाला. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरायची. १९५५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. पुढे आतली गावं उठली, बोटेझरी गेलं, जामनी गेलं, नवेगाव गेलं. ज्याला वाघानं मारलं त्या माणसाच्या नावानं आपण वाघ बघायला जातो, आणि त्याच्या लेकरांना आता आपल्याच देवापाशी जायला वनखात्याच्या नियमांत बसावं लागतं. नातवंडांना वाघ दाखवताना ही गोष्ट सांगायची राहिली तर त्यांनी अर्धंच पाहिलं असं मी म्हणेन.

जावयाच्या यादीतलं सुंदरबन मी गाळलं. चार दिवसांत ते होत नाही, हे एक. पण त्यांना मी बनबीबीची गोष्ट लिहून पाठवली. तिथले हिंदू आणि मुसलमान दोघंही मधाला, माशाला जंगलात जाताना तिला हात जोडतात. रिकाम्या हातानं आणि निर्लोभ मनानं शिरावं, गरजेपुरतं घ्यावं, हा तिचा करार. वाघरूपी दक्षिणरायालाही तिनं मारून टाकलं नाही, त्याचा वाटा त्याला राखून दिला. पर्यटकाला गरज काय असते, असं जावयानं उलट विचारलं. चांगला प्रश्न आहे. मला वाटतं, शहरातल्या मुलांना आपल्याहून मोठं काही जगात आहे हे कळण्याची गरज असते, आणि ती मधाच्या गरजेहून कमी नाही. पण ती एका वाघानं भागते. चार दिवसांत सात सफाऱ्या लावून, एक दिसला तर दुसरा, नर दिसला तर बछडी, असं मागत जाणं ही गरज राहत नाही.

शेवटी जे ठरलं ते असं. मे महिना रद्द. दिवाळीच्या सुट्टीत यायचं. कोअर ऑक्टोबरपासून उघडा असतो, पावसानंतरचं गवत उंच असतं, पाणी जागोजागी असतं, आणि वाघाला कुठेही जायची मोकळीक असते. दिसेल कमी. बहिणीनं हे मान्य केलं तेव्हा मला फार बरं वाटलं. बांधवगड, कान्हा, पेंच या वेळी नाहीत. मेळघाट यादीत घातला नाही याचं मला वाईट वाटलं, पण सेमाडोहला जाऊन एका रात्रीत परत येणं हा त्या जंगलाचा अपमान आहे. त्याला आठवडा द्यावा. पहिला दिवस वर्ध्याचा : सकाळी गोपुरी आणि सेवाग्राम, दुपारी बोर. बोरचा गाभा जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा, गर्दी कमी, मुलांना झाडं, पाणी, पक्षी यांची ओळख करून घ्यायला तेवढं पुरे. दुसरा दिवस जाऊबाईंच्या माहेरी. त्यांचा भाऊ मुलांना शिवेपर्यंत चालत नेईल, रात्री अंगणातच जेवण. आणि शेवटचे दोन दिवस ताडोबा, मुक्काम बफरमधल्या एखाद्या गावात, एक सफारी बफरची आणि एक कोअरची. मोबाइल आत नेता येत नाही हे मुलांना आत्ताच सांगून ठेवायला सांगितलं आहे.

कोअरची सफारी जावयाच्या आग्रहाची. ती मी अडवली नाही, फक्त दोन गोष्टी मागितल्या. रस्त्यावर वाघासमोर गाड्या जमलेल्या दिसल्या तर आपली गाडी मागेच थांबवायला सांगायची, आपल्याला दिसो न दिसो. आणि गाईडची, चालकाची बक्षिशी गेटमधून आत जाण्याआधीच त्यांच्या हातात द्यायची, चांगली भरघोस. वाघ दिसला की जास्त आणि नाही दिसला की कमी, या रिवाजानं ती मुलं गाडी पुढे घुसवायला भाग पडतात. फळाचा मोह आपला असतो आणि तो आपण त्यांच्या पोटावर बांधतो. जावई थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, पैसे आधीच मिळाले तर तो मेहनत कशाला घेईल?"

मी म्हटलं, ते त्यालाच विचारा, गेटवर, पैसे देताना. त्यानं काय उत्तर दिलं ते मला ऐकायचं आहे.